परतायचं ठरवण्याआधी सांगलीला विचारा

प्रश्न : मी ४१ वर्षांचा, मूळचा सांगलीचा. गेली १३ वर्षं न्यू जर्सीत आयटीत नोकरी करतोय. बायको नाशिकची. लग्नानंतर काही वर्षं ती व्हिसामुळे घरीच होती. २०१६ मध्ये माझं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज) मंजूर झालं, त्यानंतर तिला कामाची परवानगी मिळाली आणि आता ती एका शाळेच्या हिशेब विभागात आहे. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा, दोघांचा जन्म इथलाच. ग्रीन कार्डचा नंबर कधी लागेल, सांगता येत नाही. सांगलीत आई-अण्णा दोघंच असतात. अण्णा ७४ वर्षांचे, बायपास झालेली. आई ७० ची, गुडघ्यांनी बेजार. ताई मिरजेत आहे, सगळं तीच बघते. २०१९ च्या पुरात तिनंच दोघांना आपल्या घरी नेलं होतं. गेल्या महिन्यात अण्णा बाथरूममध्ये पडले. मला आठ दिवसांनी कळलं, तेही ताईच्या तोंडून चुकून निघालं म्हणून. तेव्हापासून मला झोप नाही. एकुलता एक मुलगा असून मी इथे काय करतोय? दरवर्षी त्यांना 'पुढच्या वर्षी नक्की' असं सांगत आलोय. पुण्यात नोकरी मिळेल, पगार कमी असला तरी चालेल. सून आणि नातवंडं जवळ आली की आईचं निम्मं दुखणं पळेल. बायको मात्र तयार नाही. तिचं म्हणणं, आधी ग्रीन कार्ड येऊ दे. आत्ता गेलो नाही तर कधीच जाणं होणार नाही, अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर :

नमस्कार. आधी अण्णांच्या पडण्याबद्दल बोलू, कारण तुमची झोप त्यानं उडवली आहे. ही गोष्ट तुम्हाला आठ दिवसांनी कळली, याचा अर्थ तुम्ही असा लावलात की मी दूर आहे म्हणून हे झालं. पण ताईला ते लगेच कळलं होतं. अण्णांना उचलायला, डॉक्टरकडे न्यायला माणूस होतं. लपवलं फक्त तुमच्यापासून, आणि त्याचं कारण मला साधं दिसतं. सांगितलं की तुम्ही कासावीस होणार आणि तिथून करता काहीच येणार नाही, हे त्या दोघांना पक्कं ठाऊक आहे.

आता समजा तुम्ही परतलात. नोकरी पुण्यात, म्हणजे हिंजवडी किंवा खराडी. तिथून सांगली सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, गाडीनं चार-पाच तास. अण्णा पुन्हा पडले तर पहिला फोन पुण्याला जाणार नाही, मिरजेलाच जाईल. आणि 'त्याची उद्या मीटिंग आहे, उगाच रात्रीचा निघेल' म्हणून तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळेल. पुण्यात असण्याचं मोल कमी नाही. रात्री निघालात तर पहाटे त्यांच्याजवळ असाल, न्यू जर्सीहून ते शक्य नाही. पण 'आई-अण्णांजवळ राहायला जातोय' हे वाक्य तुम्ही मनात धरलंय, ते तुमच्याच योजनेत बसत नाही. तुम्ही पुण्याला जाताय. आई-अण्णा सांगलीत आहेत.

ते पुण्याला येतील असं तुम्ही गृहीत धरलं असेल, तर एकदा थांबून विचार करा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं गावातलं जगणं लहानलहान सवयींवर उभं असतं. ओळखीचा डॉक्टर, उधारीवर गोळ्या देणारा औषधवाला, गणपतीच्या देवळापर्यंतचा फेरफटका, दारावर थांबून आईची विचारपूस करणारी भाजीवाली. हे सगळं सोडून दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, दिवसभर मुलगा-सून कामावर आणि नातवंडं शाळेत, अशा घरात बसायला ते राजी होतील का? होतीलही. पण तुम्ही त्यांना विचारलेलं दिसत नाही.

विचारायचं कसं, हेही महत्त्वाचं आहे. 'आम्ही परत येऊ का?' असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे : तुम्ही तिकडे सुखी राहा, आमची काळजी करू नका. त्यामुळे असे मोठे प्रश्न विचारूच नका. रात्री अण्णा उठतात तेव्हा कोण जागं असतं? आठवड्याच्या गोळ्या डबीत कोण भरतं? बँकेत, विजेच्या बिलाला कोण जातं? आईला जिना चढवतो का? व्हिडिओ कॉलवर तुम्हाला फक्त दोन चेहरे दिसतात, तेही फोन येणार म्हणून केस नीट करून बसलेले. पुढच्या वेळी ताई तिथे असताना तिला म्हणा, फोन घेऊन जरा घरातून फिर. बाथरूमची फरशी बघा. कमोडशेजारी धरायला दांडी आहे का, उंबरा किती उंच आहे, पलंगापासून संडासापर्यंत रात्री दिवा असतो का, बघा. अण्णांच्या पुढच्या पडण्याचा संबंध तुमच्या व्हिसापेक्षा या गोष्टींशी जास्त आहे, आणि हे काम या महिन्यात होण्यासारखं आहे. सुतार, प्लंबर आणि थोडे पैसे, एवढ्यावर होतं. दिवसभरासाठी एखादी मावशी ठेवणं, फिजिओथेरपिस्टला आठवड्यातून घरी बोलावणं, हेही होतं. दवाखान्यांसाठी पिढ्यान् पिढ्या ओळखलं जाणारं मिरज शेजारी आहे, या बाबतीत तुमचे आई-वडील अनेकांपेक्षा सुदैवी आहेत.

ताईबद्दल. तुमच्या पत्रात ती मदतनीस म्हणून येते. पुरात ती धावली, पडल्यावर ती धावली, आणि तरी 'एकुलता एक मुलगा' म्हणून कर्तव्य तुमच्या एकट्याच्या खात्यावर आहे. मला हे पटत नाही. आई-अण्णांना दोन अपत्यं आहेत. गेली १३ वर्षं त्यांतल्या एकानं प्रत्यक्ष सांभाळ केलाय आणि बहुतेक निर्णय मात्र दुसऱ्याच्या सोयीनं झालेत. ताईशी एकदा निवांत बोला. तिला विचारा, तू थकली आहेस का? तुझ्या घरच्यांना याचा त्रास होतो का? मी काय करू, पैसे, वेळ, की दोन्ही? कदाचित ती म्हणेल, दरवर्षी दोन महिने तू ये आणि मला सुट्टी दे. कदाचित म्हणेल, आता मला एकटीला झेपत नाही, तू येच. यांपैकी काहीही ती म्हणाली, तरी तुमच्या निर्णयाचा पाया बदलेल. घर, दागिने, पैसे यांचं पुढे काय, हा अवघड विषयही आई-अण्णा हिंडते-फिरते असताना सगळ्यांसमक्ष निघू द्या. काळजी एकानं घ्यायची आणि वाटणीच्या वेळी दुसऱ्यानं उगवायचं, यातून भावंडं कायमची तुटलेली मी पाहिली आहेत.

आता तुमच्या बायकोबद्दल. 'ती तयार नाही' एवढंच तुम्ही लिहिलंत. आणि त्याच पत्रात 'सून जवळ आली की आईचं निम्मं दुखणं पळेल' असंही लिहिलंत. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. आईच्या गुडघ्यांना शेकायचं, अण्णांचं पथ्य सांभाळायचं, पाहुण्यांचा चहा करायचा, हे पुण्यात वा सांगलीत कोणी करायचं, हे तुम्ही न लिहिता ठरवून टाकलंय. तिला ते कळत असणार. एका व्हिसाच्या नियमामुळे तिनं ऐन उमेदीची काही वर्षं घरी काढली. एच-फोरवर, म्हणजे नोकरीच्या (एच-वन-बी) व्हिसाधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आलेल्यांना कामाची परवानगी मिळायला सुरुवातच २०१५ मध्ये झाली, आणि तीही मुख्यतः नवरा वा बायकोचं आय-१४० मंजूर असेल तर. त्यानंतर तिनं नव्यानं जे उभं केलं, ते सोडायला तुम्ही सांगताय. म्हणून ती ग्रीन कार्डाचं कारण पुढे करत असेल. खरं कारण कदाचित हे असेल की परतल्यावर माझं काय होणार, याचं उत्तर तिला कोणी दिलेलं नाही.

आणि नाशिक? तिचे आई-वडीलही वयस्क होत असतील. अख्ख्या पत्रात नाशिकचा उल्लेख फक्त तिचं माहेर म्हणून एका शब्दात आहे. तुम्ही जशी सांगलीची काळजी करता तशी ती नाशिकची करत असेल. तिच्याशी बोलायला बसाल तेव्हा सुरुवात तिथून करा. तिला पटवण्याच्या हेतूनं मात्र बसू नका.

'आधी ग्रीन कार्ड' या म्हणण्यात तथ्य किती, हे दोघांनी मिळून बघायला हवं. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,००० दिली जातात आणि एका देशाच्या वाट्याला त्यातली साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त येत नाहीत. भारतीयांची रांग म्हणूनच इतकी लांबली आहे. उद्या कार्ड हातात आलं तरी मोकळीक मिळत नाही. ते टिकवायचं तर मुक्काम तिथेच असावा लागतो. वर्षभराहून अधिक बाहेर राहायचं तर आधी री-एंट्री परमिट घ्यावं लागतं, तेही जास्तीत जास्त दोन वर्षांचं. नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे आणखी पाच वर्षं. म्हणजे 'कार्ड आलं की बघू' म्हणता म्हणता अण्णांची ऐंशी उलटेल. कार्डासाठी थांबायचं असेल तर जरूर थांबा, पण मग 'आम्ही इथेच राहायचं ठरवलंय' असं स्वतःशी स्पष्ट म्हणा.

उलट बाजूचंही सांगायला हवं. 'दोन वर्षं जाऊन बघू, नाही जमलं तर परत येऊ' हा विचार पूर्वी जितका सोपा होता तितका आता राहिलेला नाही. आय-१४० मंजूर झाल्यामुळे रांगेतली तुमची तारीख सहसा तुमच्याकडेच राहते, पुढे दुसऱ्या कंपनीनं अर्ज केला तरी ती वापरता येते. पण सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं देशाबाहेरच्या व्यक्तीसाठी केलेल्या नव्या एच-वन-बी अर्जावर १,००,००० डॉलरचं शुल्क जाहीर केलं. ते सुरुवातीला एका वर्षासाठी होतं. नियम पुढेही बदलतील, त्यामुळे राजीनामा देण्याआधी तुमच्या त्या दिवशीच्या परिस्थितीवर इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला पैसे देऊन घ्या. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नका. मुलांसाठी दार उघडंच आहे, ती अमेरिकेची नागरिक आहेत. पुढे तिथे कॉलेजला गेली तर राज्यातल्या रहिवाशांची कमी फी त्यांना मिळेलच असं मात्र नाही.

मुलीचं वय या सगळ्यात खरं घड्याळ आहे. अकराव्या वर्षी आलेलं मूल वर्ष-दीड वर्षात नव्या शाळेत रुळू शकतं. चौदाव्या वर्षी मित्रमैत्रिणी तोडून आणलेलं मूल रागावतं, आणि तो राग समजण्यासारखा असतो. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. तिला बोललेलं कळत असलं तरी लिहिण्याचा सराव आजपासूनच सुरू करा, तिथल्या महाराष्ट्र मंडळाची रविवारची शाळा असेल तर तिथे घाला. आणखी एक गोष्ट अनेक पालकांना उशिरा कळते. दोघांची ओसीआय कार्डं (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ती) काढून त्यांवरच्या तारखा बघा. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार नीट, जेईईसारख्या परीक्षांतून ओसीआय मुलांना फक्त अनिवासी भारतीयांच्या जागांसाठी स्पर्धा करता येते. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये त्या तारखेआधीच्या कार्डधारकांना यातून वगळलं. म्हणजे तुमच्या मुलीला एक नियम आणि धाकट्याला दुसरा, असं होऊ शकतं.

पैशांचं थोडक्यात सांगते. परतल्यावर सहसा दोन-तीन आर्थिक वर्षं तुम्ही प्राप्तिकराच्या भाषेत 'निवासी पण सामान्य निवासी नव्हे' या वर्गात राहता आणि परदेशातल्या उत्पन्नावर सर्वसाधारणपणे इथे कर लागत नाही. तुम्ही कोणत्या महिन्यात परतता यावर हा काळ कमी-जास्त होतो, म्हणून तिकीट काढण्याआधी दोन्ही देशांचे कर समजणाऱ्या सीएला भेटा. ४०१-के (अमेरिकेतलं निवृत्तीसाठीचं बचत खातं) घाईनं मोडू नका, साडेएकोणसाठ वर्षांआधी काढलं तर कराशिवाय १० टक्के दंड बसतो. १३ वर्षं सलग काम झालेलं असल्यानं सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पेन्शनसाठी, लागणारे ४० क्रेडिट तुमचे झाले असतील, खात्री करून घ्या. एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं परतल्यावर तसंच ठेवता येत नाही, बँकेला कळवावं लागतं. आणि चौघांची भारतातली आरोग्य विमा पॉलिसी परतण्याच्या बरीच आधी घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तो काळ तिथे असतानाच सरलेला बरा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही हा निर्णय आई-अण्णांच्या नावावर घेताय आणि मला काळजी त्याचीच वाटते. तसं केलंत तर पुण्यातल्या प्रत्येक वाईट दिवसाचं बिल त्यांच्यावर फाटेल. ट्रॅफिकमध्ये दीड तास गेला, बॉसशी पटलं नाही, मुलगी शाळेतून रडत आली, की घरात कोणी ना कोणी म्हणेल, 'आजी-आजोबांसाठी आलो ना आपण.' आई-अण्णा ते ऐकतील. लिहायला कठीण जातंय, पण विचारायला हवं : दहा-पंधरा वर्षांनी ते दोघं नसतील, तेव्हाही तुम्हाला पुण्यातच राहायचं असेल का? तुमचं काम, बायकोचं काम, तुमचे मित्र, तुमची संध्याकाळ, यांचं तिथे काही चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहे का? असेल, तर आई-अण्णांजवळ जाता येणं हे त्या चित्रातलं फार मोठं सुख आहे आणि मी तुम्हाला खुशाल जा म्हणेन. नसेल, तर त्यांच्यासाठी करण्यासारखं तिथे राहूनही खूप आहे.

ते कसं, हे अनेकांना माहीत नसतं. अमेरिकेत १९९३ पासूनच्या फॅमिली अँड मेडिकल लीव्ह कायद्यानं ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत किमान वर्षभर काम झालेल्या माणसाला, गंभीर आजारी आई-वडिलांच्या देखभालीसाठी १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मागता येते. नोकरी सुरक्षित राहते. न्यू जर्सीत राज्याच्या विमा योजनेतून त्या काळात पगाराचा काही भागही मिळू शकतो. एचआरकडे अटी विचारा, आणि पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल तर स्टॅम्पिंगच्या, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घेण्याच्या, तारखा मिळायला वेळ लागतो, हे धरून चाला.

ती रजा मिळाली किंवा साठवलेली सुट्टी वापरलीत, तरी यावेळी पाहुणे म्हणून जाऊ नका. डिसेंबरातली लग्नं, भेटीगाठी, रोज कोणाकडे तरी जेवण, यातून काही कळत नाही. पावसाळ्यात जा. तुम्ही एकटे महिनाभर सांगलीत राहा, ताईला खरोखर सुट्टी द्या. अण्णांना डॉक्टरकडे तुम्ही न्या, आईबरोबर बँकेत तुम्ही थांबा. दोन-तीन आठवडे बायको-मुलांनी पुण्यात भाड्याच्या घरात राहून बघावं. हिंजवडीला सकाळी साडेआठला निघून संध्याकाळी परत येऊन बघा. बायकोनं तिच्या क्षेत्रातल्या दोन-चार ठिकाणी मुलाखती द्याव्यात. तिला हवी तशी नोकरी मिळते की नाही, हे तुमच्या नोकरीइतकंच निर्णायक धरा. ती नाशिकलाही राहून येऊ दे.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. बायको मनापासून तयार झाली आणि तिच्या कामाची सोय दिसली, तर मुलगी आठवीत जायच्या आत परता, उगाच रेंगाळू नका. ती तयार झाली नाही, तर परतू नका. तिला ओढून नेऊन आई-अण्णांना सुख लागणार नाही, त्यांच्यासमोर घरात अबोला असेल. मला सर्वांत वाईट वाटतो तो तिसरा मार्ग, ज्यावर तुम्ही इतकी वर्षं आहात : ना जायचं, ना राहायचं, आणि दर दिवाळीला 'पुढच्या वर्षी नक्की'.

कारण त्या वाक्यावर आई-अण्णाही थांबून आहेत. तुम्ही येणार म्हणून ते घर तसंच ठेवतात, जिना चढत राहतात, मिरजेत ताईच्या शेजारी तळमजल्यावर घर बघायचं टाळतात, असं असू शकेल. म्हणून पुढच्या पावसाळ्यानंतरची एक तारीख दोघांनी मिळून ठरवा आणि त्या दिवशी हो किंवा नाही, जे असेल ते आई, अण्णा आणि ताई तिघांना एकाच वेळी सांगा. 'नाही' असेल तर त्याच फोनवर विचारा, मग मिरजेतलं घर बघायला सुरुवात करूया का, आणि भाड्याचा किंवा हप्त्याचा भार मी किती उचलू.